गजाचा प्रवास : फाराबहून मुक्ताईनगरापर्यंत

मागच्या आठवड्यात मुंबईहून मुलीचा फोन आला. म्हणाली, "अब्बू, दोन तिकिटं काढलीत. सिम्फनी ऑर्केस्ट्राची मैफल आहे, नरीमन पॉइंटला. चेलोवादक एकटा पुढे बसून वाजवणार आणि मागे सगळा वाद्यवृंद. तुम्ही या आणि मामूदादांना सोबत घेऊन या."

मामूदादा म्हणजे माझे मामू. वय अठ्ठ्याहत्तर. मुक्ताईनगरला, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही एदलाबादला, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतात. उमेदीची तीस वर्षे त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवले. रावेर, यावल, बोदवड, मलकापूर, पार बऱ्हाणपूरपर्यंत सुपाऱ्या असत. पण गेली वीस वर्षे त्यांच्या घरात या गोष्टीचा उच्चार होत नाही. मुले शिकली, नोकरीला लागली, चांगल्या घराण्यांत सोयरिकी झाल्या. थोरल्याने एकदा स्पष्टच सांगितले, "अब्बा, पाहुण्यांसमोर बँडचं काढू नका." क्लॅरनेट पेटीत गेले. पेटी माळ्यावर गेली.

मी तिकिटाची गोष्ट काढली तेव्हा थोरला समोरच होता. तो म्हणाला, "तिकडे आपलं काय काम? ते अंग्रेज लोकांचं संगीत." मामू काही बोलले नाहीत. मीही तेव्हा गप्प बसलो. पण "आपलं काय काम" हा प्रश्न डोक्यातून जाईना. इतिहास वाचण्याची खोड असल्याने उत्तर शोधू लागलो. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आधी चेलोविषयी. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. चेलो त्याच कुळातला, पण खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा धरायचा. तारा चार. आवाज पुरुषाच्या भरदार गळ्यासारखा. उत्तर इटलीत सोळाव्या शतकात हे कुळ आकाराला आले. क्रेमोना गावातल्या आंद्रेआ अमातीने घडवलेला चेलो आजही जपून ठेवला आहे. पुढे त्याच गावच्या स्त्रादिवारीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे माप जवळजवळ कायमचे ठरवून दिले. इथवर सगळे युरोपचेच.

पण चेलो वाजतो तो गजामुळे. लाकडी काठीला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधायचे, त्यांना राळ लावायची आणि तारेवर घासायचे. ही युक्ती युरोपची नाही. तार छेडून वाजवणे जगाला हजारो वर्षांपासून माहीत होते. तार घासून वाजवणे त्यामानाने फार अलीकडचे. त्याचे जुने पुरावे दहाव्या शतकातल्या मध्य आशियाकडे बोट दाखवतात. घोड्यावर जगणाऱ्या लोकांना घोड्याच्या केसांचा हा उपयोग सुचला, यात नवल नाही. तिथून गज इस्लामी जगात आणि बायझंटाइन साम्राज्यात पसरला आणि अकराव्या शतकात युरोपात पोहोचला. अरबांचा 'रबाब' युरोपात 'रेबेक' झाला. आजच्या व्हायोलिनच्या पूर्वजांत या रेबेकची गणना होते.

याच काळात अबू नस्र अल-फाराबी हा तत्त्वज्ञ होऊन गेला. अॅरिस्टॉटल हा पहिला गुरू, म्हणून मुस्लिम जगाने फाराबीला 'मुअल्लिम-ए-सानी', म्हणजे दुसरा गुरू म्हटले. इ.स. ९५० मध्ये दमास्कसमध्ये त्याचा इंतकाल झाला. त्याने 'किताब अल-मूसीक़ी अल-कबीर' हा संगीतशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सुरांचे गणित आहे, वाद्यांची वर्णने आहेत आणि रबाबाचीही चर्चा आहे. फाराब हे त्याचे गाव सिर दर्याच्या काठी, आजच्या कझाकस्तानात होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे गाव लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा तिकडे जायचे आहे.

आता खानदेशात येऊ. क्रेमोनात अमाती लाकूड तासत होता तेव्हा तापीकाठी फारुकी सुलतानांचे राज्य होते. १३८२ ते १६०१ अशी सव्वादोनशे वर्षे हे घराणे टिकले. त्यांची राजधानी बऱ्हाणपूर आमच्या गावापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. आज मध्ये राज्याची सीमा आली एवढेच. या शहराला नाव मिळाले ते सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे ते खलिफा. दख्खनमध्ये आले आणि १३३७ मध्ये वारले. त्यांची मजार खुलताबादला आहे. चिश्ती परंपरेत समा, म्हणजे ईश्वराच्या आठवणीसाठी संगीत ऐकणे, याला फार मोठे स्थान. बुऱ्हानुद्दीन गरिबांना समाची एवढी ओढ होती की त्यांच्या मुरिदांच्या डोलण्याच्या तऱ्हेला लोक 'बुऱ्हानी' म्हणू लागले.

समा जायज की नाजायज, हा वाद तेव्हाही होता आणि उलेमांमध्ये तो आजही आहे. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मी एवढेच नोंदवतो की खानदेशच्या मुसलमानांनी आपल्या सर्वांत मोठ्या शहराला ज्याचे नाव दिले, तो माणूस संगीत ऐकून रडणारा होता. गाणेबजावणे आपल्या परंपरेत नव्हतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्याला बऱ्हाणपूरचा रस्ता दाखवावा.

१५६१ मध्ये माळव्याचा सुलतान बाज बहादूर मोगलांकडून हरला आणि आश्रयासाठी खानदेशाकडे आला. त्याच्या पाठलागावर आलेल्या पीर मुहंमद खानाने बऱ्हाणपुरात मोठी कत्तल केली. परतताना तो नर्मदेत बुडून मेला. बाज बहादूर पुढे अकबराला शरण गेला. अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त दरबारातल्या कलावंतांची यादी दिली आहे. तीत या पदच्युत सुलतानाचे नाव गायक म्हणून येते. त्याच यादीत हेरात आणि मशहदहून आलेले घिचकवादक आहेत. घिचक हे मध्य आशियातले गजाने वाजवायचे वाद्य. म्हणजे फाराबीच्या मुलखातून निघालेला गज एका वाटेने क्रेमोनाला गेला आणि दुसऱ्या वाटेने आग्र्याला आला.

अर्थात हिंदुस्थानात गजाची वाद्ये आधीपासून होतीच. रावणहत्था होता. आमच्याकडे नाथपंथी गोसावी किंगरी वाजवत दारी येत. लहानपणी मी ती ऐकली आहे. पण दरबारात आणि मैफिलीत जिने राज्य केले ती सारंगी. तुणीच्या लाकडाचा एकसंध ठोकळा आतून कोरायचा, त्यावर बकरीचे कातडे मढवायचे, मुख्य तीन तारा तातीच्या लावायच्या आणि खाली तरफांच्या पस्तीसेक तारा. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली तार. युरोपातही चेलोच्या तारा शेकडो वर्षे तातीच्याच होत्या. खाटकाच्या हातून सुरू होणारी ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे दोन्ही वाद्यांची जागा. दोघेही साथीदार. युरोपच्या वाद्यवृंदात चेलोने खर्जाचा भार वाहायचा आणि गत व्हायोलिनने मिरवायची. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा रचना केल्या, पण पुढे दीड-पावणेदोनशे वर्षे बहुतेकांनी त्या रियाजाचे धडे म्हणूनच वापरल्या. १८९० मध्ये तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची प्रत सापडली. सुमारे बारा वर्षे त्याने त्या घरीच घोटल्या आणि मग लोकांसमोर आणल्या. १९३६ ते १९३९ या काळात त्याने त्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि चेलो एकट्याने मैफल उभी करू शकतो हे जगाला पटले.

आमच्या सारंगियाची अवस्था याहून वाईट होती. तो गायिकेच्या मागे बसायचा. गायिका कोठ्यावरची असली की तिच्या बदनामीचा वाटा त्यालाही मिळायचा. कित्येक गायिकांना शिकवणारा उस्ताद तोच असे, पण नाव तिचे. सारंगियाचा मुलगा म्हटला की खालच्या पायरीचा. म्हणून अनेक घराण्यांनी सारंगी खाली ठेवली आणि गळा धरला. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ सारंगियांच्याच कुळातले. आयुष्याचा मोठा काळ ते मिरजेत राहिले आणि त्यांच्या गायकीने महाराष्ट्र वेडा केला. पण त्या गायकीत सारंगीचा सूर आहे, हे जाणकार आजही ओळखतात.

सारंगीला पुढे आणले ते राम नारायण यांनी. उदयपूरकडचे राजस्थानी हिंदू घर. लाहोरला त्यांनी किरान्याच्याच अब्दुल वहीद खाँसाहेबांची तालीम घेतली. आकाशवाणीत साथ केली, मुंबईत चित्रपटांसाठी वाजवले. १९५४ मध्ये मुंबईच्या एका महोत्सवात एकल वादनाला बसले, तर लोकांनी हुल्लड करून उठवले. दोन वर्षांनी ते पुन्हा बसले आणि या वेळी जिंकले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. साथीदाराला पुढच्या खुर्चीवर बसायला किती सोसावे लागते, हे कासाल्स आणि राम नारायण या दोघांच्या आयुष्यात दिसते.

पण या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो मैहरचा माणूस. भुसावळहून इटारसीमार्गे अलाहाबादकडे जाणारी गाडी पकडा. बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, जबलपूर, कटनी आणि मग मैहर. तिथल्या संस्थानिकाच्या पदरी अलाउद्दीन खाँ होते. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून सगळे त्यांना ओळखतात. तरुणपणी ते कलकत्त्यात होते. तिथल्या ईडन गार्डनमध्ये बँड वाजे आणि त्याचे मास्तर होते लोबो नावाचे गोव्याचे गृहस्थ. त्यांच्याकडे अलाउद्दीन व्हायोलिन शिकले. पाच वेळची नमाज पढणारा आणि मैहरच्या शारदादेवीसमोरही बसणारा हा माणूस. १९१८ च्या साथीनंतर गावातली अनाथ पोरे त्यांनी गोळा केली आणि त्यांना वाद्ये शिकवून एक वृंद उभा केला. तोच मैहर बँड. त्यात सतार होती, सरोद होता, व्हायोलिन होते आणि चेलोही होता. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे वाद्य बनवले आणि तेही या बँडमध्ये बसवले. ज्या पोरांना कोणी वाली नव्हता, त्यांच्या हातात एका मुस्लिम उस्तादाने वाद्ये दिली. त्यातले एक चेलो होते. हे मी मामूंच्या थोरल्याला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा मोबाइलमधून डोके वर काढून ऐकू लागला.

बँड हा शब्द आला तर लग्नाच्या बँडबद्दलही बोलायला हवे. गोऱ्या पलटणींबरोबर पितळी वाद्ये हिंदुस्थानात आली. संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले. तिथून ही वाद्ये बाजारात आली आणि वरातीपुढे वाजू लागली. वाजवणारे बहुतेक दलित किंवा गरीब मुसलमान. ज्यांच्या दारात वाजवायचे, त्यांच्या पंगतीला बसायचे नाही. सगळ्यांच्या शेवटी, मांडवाच्या मागे, पानावर काय उरले असेल ते खायचे. मामू सांगत की रात्री दोनपर्यंत वाजवून ओठ सुजत, पण सकाळच्या हळदीला पुन्हा उभे राहावे लागे. स्वरलिपी वाचायला कोणी शिकवले नव्हते. रेडिओवर गाणे दोनदा ऐकायचे आणि तिसऱ्यांदा वाजवायचे.

ही लाज फक्त आमच्या गल्लीची नव्हती. संगीतकार नौशाद लखनौचे. 'रतन' (१९४४) या चित्रपटाची गाणी देशभर गाजत होती आणि इकडे घरच्यांनी त्यांचे लग्न ठरवले. मुलीकडच्यांना सांगितले की मुलगा मुंबईत शिंपी आहे. संगीताचा धंदा म्हटले असते तर सोयरीक मोडली असती. वरात निघाली तेव्हा बँडवाले 'रतन'चीच गाणी वाजवत होते आणि नवरदेव घोड्यावर गप्प. ही हकीकत नौशाद स्वतः सांगत. पुढे याच माणसाने 'आन'साठी (१९५२) शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या बिनचूक वाजवणाऱ्या बँडवाल्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारे मोठ्या संख्येने गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत ते स्वरलिपी शिकून आलेले. त्यांची नावेही पडद्यावर क्वचितच आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून भारतीय रागांवरच्या रचना त्यात वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण सामान्य माणसाला गोन्साल्विस हे नाव माहीत झाले ते 'अमर अकबर अँथनी'तल्या एका विनोदी गाण्यामुळे. ते गाणे म्हणजे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेला सलाम होता. राहुल देव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती तर मूळचे चेलोवादकच. आपण सगळ्यांनी आयुष्यभर चेलो ऐकला आहे. रेडिओवर, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, वरातीत. फक्त त्याचे नाव आपल्याला कोणी सांगितले नाही.

आता मुंबईच्या सभागृहाकडे वळू. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यांचा मुलगा झुबिन जगातला नामवंत वाद्यवृंद-संचालक झाला. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २००६ मध्ये, एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. खुशरू सनटूक यांनी त्यासाठी ज्यांना बोलावले ते व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव कझाकस्तानचे. त्यांच्यासोबत त्या देशातले अनेक वादक इथे येऊन वाजवू लागले आणि मुंबईच्या पोरांना शिकवू लागले. म्हणजे फाराबीच्या मुलखातून निघालेला गज युरोपची प्रदक्षिणा घालून हजार वर्षांनी पुन्हा त्याच मुलखातल्या माणसांच्या हातून अरबी समुद्राच्या काठी पोहोचला. कझाक लोकांचे स्वतःचे 'कोबिझ' नावाचे गजवाद्य आहे. त्यात गजालाही घोड्याचे केस आणि तारांनाही घोड्याचेच केस. याच ऑर्केस्ट्राबरोबर २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी तबल्यासाठी लिहिलेला 'पेशकार' हा कॉन्चेर्तो वाजवला. तबला हाही साथीदारच. तोही पुढे येऊन बसला.

मुलगी म्हणाली, मैफिलीत द्वोराकचा चेलो कॉन्चेर्तो आहे. द्वोराक बोहेमियातल्या एका खेड्यातला. बाप खाटीक आणि खानावळवाला, झिदर नावाचे तंतुवाद्य वाजवणारा. पोर लहानपणी गावच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मोठेपणी बरीच वर्षे नाटकाच्या वाद्यवृंदात मागे बसून व्हायोला वाजवत राहिला. चेलो एकट्याने पुढे बसण्याच्या लायकीचा नाही, असे त्यालाही बराच काळ वाटत होते. १८९४ मध्ये न्यूयॉर्कला असताना त्याने दुसऱ्या एकाचा चेलो कॉन्चेर्तो ऐकला आणि मत बदलले. त्याच हिवाळ्यात त्याने आपला कॉन्चेर्तो लिहायला घेतला. मधल्या भागात मेहुणी योसेफिनाच्या आवडत्या गाण्याची धून आहे. १८९५ च्या मे महिन्यात ती वारली, तेव्हा त्याने शेवट पुन्हा लिहिला आणि ती धून त्यातही आणली. १८९६ मध्ये लंडनला तो पहिल्यांदा वाजला.

हे सगळे मी परवा मगरिबनंतर मामूंच्या ओट्यावर बसून सांगितले. खाटकाचा पोरगा आणि गावचा बँड, इथे पोहोचलो तेव्हा मामू हसले. आत शिकत बसलेला नातू बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, आप भी बँड में थे?" थोरला दारात उभा होता. कोणी काही बोलेना. मग मामूच म्हणाले, "तीस साल. क्लॅरनेट." नातवाने विचारले, "दिखाओ ना."

थोरला काही क्षण तसाच उभा राहिला. मग शिडी आणायला गेला.

माळ्यावरून पेटी खाली आली. क्लॅरनेटच्या सांध्यांचा बूच पार सुकून भुगा झाला होता, चाव्यांना गंज होता. मामूंच्या तोंडात आता पुढचे दात नाहीत, त्यामुळे वाजवण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांनी नातवाची बोटे धरून कोणत्या भोकावर कोणता सूर ते एकेक दाखवले.

मी निघताना त्यांनी विचारले, "बैठने का आगे का टिकट है के पीछे का?" मी म्हणालो, मागचे आहे, स्वस्तातले. तर म्हणाले, "अच्छा है. पीछे से पूरा बँड दिखता है."

आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाणार आहोत. नातवासाठी तिसरे तिकीट मिळते का, ते मुलगी बघते आहे. त्याचे पैसे थोरल्याने पाठवले आहेत.